हॅम्बुर्गला दोघांनी दोन-तीन दिवस जायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत नोकरी-शिक्षणासाठी राहणारी मराठी जोडपी, त्यांच्याकडे उन्हाळ्यात येणारे आई-वडील, युरोपच्या सहलीत दोन दिवस मोकळे राखणारे नवविवाहित, सगळ्यांचे हॅम्बुर्गबद्दलचे प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. भाडी आणि प्रवेशशुल्क सतत बदलतात, त्यामुळे ते आकडे इथे दिलेले नाहीत.

जर्मनीत इतकी शहरं असताना हॅम्बुर्गच का?

कारण इथे जे पाहायचं ते अजून कामावर आहे. राजवाडे आणि डोंगरावरचे किल्ले हवे असतील तर दक्षिण जर्मनीत जा. हॅम्बुर्गवर राजाचं राज्य फारसं चाललंच नाही, हे व्यापाऱ्यांचं शहर. त्यामुळे इथल्या देखण्या इमारती म्हणजे वखारी, पेढ्या, चर्चचे मनोरे आणि नगरसभेचं राटहाउस. समुद्र इथून शंभर किलोमीटरहून दूर आहे, तरी एल्बे नदीतून वर येत येत चारशे मीटर लांबीची कंटेनर जहाजं थेट शहरात शिरतात. काठावरच्या बाकावर बसून, हातात कॉफीचा कप धरून, टगबोटी अशा एखाद्या जहाजाला गोल फिरवून धक्क्याला कसं लावतात ते पाहता येतं. त्याला तिकीट नाही.

सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाच्या नावे असलेल्या ७ मे ११८९ च्या सनदेपासून हे बंदर आपलं वय मोजतं. दर वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला बंदराचा वाढदिवस साजरा होतो. त्या दिवसांत जुनी शिडाची जहाजं पाहायला मिळतात, पण गर्दीही प्रचंड असते आणि हॉटेलांचे दर चढलेले असतात. दोघांना निवांतपणा हवा असेल तर तो आठवडा टाळा.

किती दिवस ठेवावेत? कोणते वार चांगले?

दोन रात्री पुरतात, तीन असतील तर उत्तम. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचा आणि रविवारी दुपारनंतर किंवा सोमवारी निघा. रविवार हवाच, कारण फिशमार्क्ट म्हणजे मासळी बाजार फक्त रविवारी पहाटे भरतो. मात्र रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदी शनिवारीच उरका. मुख्य स्टेशनातली दुकानं तेवढी रविवारी उघडी सापडतात.

'बर्लिनहून सकाळी येऊन रात्री परत जाऊ' असं अनेकजण ठरवतात. गाडी साधारण दोन तासांत येते, म्हणून ते सोपं वाटतं. पण बंदराचा दिवस भरती-ओहोटीने चालतो आणि शहर सर्वांत सुंदर दिसतं ते अंधार पडताना. सकाळी येऊन संध्याकाळी सातची गाडी धरणाऱ्याला नेमकं तेच दिसत नाही. एक रात्र तरी राहा.

कोणत्या महिन्यात जावं?

मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवसाचं फिरणं झाल्यावरही एक लांबलचक संध्याकाळ हाती राहते. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार होतो, पण राटहाउससमोरचा ख्रिसमस बाजार आणि श्पायखरश्टाट या जुन्या वखारींच्या वसाहतीतले दिवे पाहायचे असतील तर तेव्हाही जाण्यासारखं आहे. जानेवारी-फेब्रुवारी मी सुचवणार नाही.

पावसाची भीती बाळगू नका, पण त्याची तयारी ठेवा. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. बारीक भुरभुरतो, थांबतो, पुन्हा येतो, आणि सोबत वारा असतो. छत्री उलटी होते. टोपी असलेलं जलरोधक जाकीट दोघांकडेही हवं, अगदी जुलैमध्येसुद्धा.

भारतातून कसं पोहोचायचं? व्हिसा कोणता?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्जासाठी वेळ मिळणंच कठीण होतं, म्हणून तिकिटांच्या आधी ते पाहा. जर्मनीत किंवा इतर शेंगेन देशात राहण्याचा परवाना असेल तर वेगळा व्हिसा नको.

मुंबईहून येणारे बहुतेक प्रवासी फ्रँकफर्ट, म्युनिक, दुबई किंवा इस्तंबूलला विमान बदलतात. फ्रँकफर्टला उतरून रेल्वेने यायचं तर चार तास धरा. रूळदुरुस्तीमुळे जर्मन रेल्वेचे मार्ग आणि वेळा बदलतात, तेव्हा पुढची गाडी किंवा विमान अगदी चिकटून ठेवू नका.

विमानतळावरून शहरात?

एस-बान या शहरी रेल्वेची एस १ ही गाडी थेट विमानतळाच्या खालूनच निघते आणि साधारण पंचवीस मिनिटांत मुख्य स्टेशनला म्हणजे हाउप्टबानहोफला आणते. टॅक्सीची गरज नाही.

परत जाताना मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. विमानतळाकडे जाणारी एस १ ओल्सडोर्फ स्टेशनवर दुभंगते. पुढचे तीन डबे विमानतळाला जातात, मागचे पोपनब्युटलला. दोघांपैकी एक सामान घेऊन पुढे आणि दुसरा धावत मागच्या डब्यात, असं झालं तर ओल्सडोर्फला ताटातूट. फलाटावरचा आणि डब्यावरचा फलक वाचून पुढच्याच डब्यात बसा.

मुक्काम कुठे करावा?

पहिल्यांदाच जात असाल तर लांडुंग्सब्रुकन हा बंदराचा धक्का आणि मिशेल चर्च यांच्या मधला भाग. बंदर, वखारी आणि जुनं शहर तिन्ही पायी. जवळच पोर्तुगीज वस्तीतली छोटी उपाहारगृहं आहेत. मुख्य स्टेशनजवळचा झांक्ट गेऑर्ग भाग प्रवासाला सोयीचा, पण स्टेशनच्या आसपास रात्री थोडी अस्वस्थता वाटू शकते. हाफेनसिटी नवी, स्वच्छ, पाण्याकाठची आणि महाग. ऑटेन्सेन किंवा शांझनफिअर्टल तरुणांना आवडतात, कॅफेंची तिथे रेलचेल आहे.

काहीतरी वेगळं करायचं असेल तर 'काप सान डिएगो'. १९६१ चं हे मालवाहू जहाज आता तरतं संग्रहालय आहे, आणि त्याच्या जुन्या प्रवासी केबिनमध्ये रात्र काढता येते. लग्नाच्या वाढदिवसाला यापेक्षा चांगली खोली मला या शहरात सुचत नाही. केबिन मोजक्याच आहेत, जागा फार आधी धरावी लागते, आणि जहाज कधीकधी स्वतःच सफरीवर गेलेलं असतं.

शहरात फिरायला कोणतं तिकीट घ्यावं?

बस, ऊ-बान (मेट्रो), एस-बान आणि बंदरातल्या सार्वजनिक फेरीबोटी या सगळ्यांना एकच तिकीट चालतं. दोघं असाल तर एकेरी तिकिटं काढत बसू नका. सकाळी नऊनंतरचा दिवसपास घ्या. गटाच्या पासवर पाच जणांपर्यंत जाता येतं, तोही किंमत पाहून तपासा. संग्रहालयं जास्त पाहणार असाल तरच हॅम्बुर्ग कार्डचा फायदा होतो.

फलाटावर जाताना दार अडवणारं फाटक नाही, म्हणून तिकीट नको असा समज करून घेऊ नका. साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि विनातिकीट सापडल्यास ६० युरो दंड होतो.

आणखी एक सांगतो. राटहाउसहून लांडुंग्सब्रुकनला जाताना ऊ ३ हीच गाडी घ्या. रोडिंग्समार्क्टपासून ती जमिनीवर येते आणि पुलावरून बंदराच्या काठाकाठाने जाते. डावीकडची खिडकी पकडा. बाउमवाल स्टेशनावर उतरून नुसतं फलाटावर उभं राहिलं तरी सारं बंदर समोर असतं.

बंदराची सफर कशी करावी? खासगी लाँच घ्यावी की साधी फेरीबोट?

शक्य असेल तर दोन्ही, कारण दोन्हींत दिसणारं बंदर वेगळं आहे.

आधी फेरीबोट क्रमांक ६२. ती लांडुंग्सब्रुकनच्या तरंगत्या धक्क्यावरून फिंकनवेर्डरला जाते, साधारण अर्ध्या तासात. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचसारखीच ही रोजच्या माणसांची बोट आहे. कामावर जाणारे, सायकलवाले, शाळेची मुलं, सगळे तिच्यात असतात. तुमचा दिवसपास तिच्यावर चालतो. वरच्या उघड्या डेकवर जागा मिळवा. जाताना उजवीकडे फिशमार्क्टची जुनी लिलावाची इमारत, मग जहाजासारखी कललेली डॉकलँडची काचेची इमारत (तिच्या छतापर्यंत बाहेरून पायऱ्या आहेत, कुणीही चढावं), मग ओव्हलग्योनेचा वाळूचा किनारा. डावीकडे गोद्या, आणि पुढे बुबेन्डाय-उफरच्या आसपास कंटेनरच्या थप्प्या आणि त्यांच्यावर झुकलेल्या याऱ्या. शनिवार-रविवारी दुपारी या बोटीला फार गर्दी होते. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर जा.

फिंकनवेर्डरला एअरबसचा मोठा कारखाना आहे, आणि तिथे किंवा त्याच्याशी संबंधित कंपन्यांत काम करणारे मराठी अभियंते या बोटीवर भेटण्याची शक्यता बरीच. परतताना नॉयम्युलन धक्क्यावर उतरा. जुन्या, अजून चालत्या स्थितीत ठेवलेल्या बोटींचं छोटं बंदर, कॅप्टनांची जुनी घरं, आणि त्यांच्या पुढे एल्बेची वाळू. किनाऱ्यावर २१७ टनांचा एक भलामोठा खडक आहे. हिमयुगात तो बर्फाबरोबर स्वीडनहून वाहत आला आणि १९९९ मध्ये नदी खोल करताना सापडला. त्याच्या शेजारी वाळूत बसा. समोरून जहाज गेलं की मिनिटभराने त्याच्या लाटा पायापर्यंत येतात. इथे पोहायचा मात्र विचारही करू नका, प्रवाह आणि जहाजांची ओढ जीवघेणी आहे.

आता खासगी लाँच. त्यांना इथे बार्कासे म्हणतात. बुटक्या असल्यामुळे त्या वखारींमधल्या अरुंद कालव्यांत शिरू शकतात, जे फेरीबोटीला जमत नाही. पण बंदरात भरती-ओहोटीचा फरक साडेतीन मीटरांच्या वर असतो. ओहोटीला कालव्यांच्या तळाचा चिखल उघडा पडतो, ऐन भरतीला लाँच पुलांखालून जात नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी एकच प्रश्न विचारा: आत्ता श्पायखरश्टाटमध्ये जाणार का? उत्तर 'नाही' असेल तर ज्या वेळी जाणार असेल ती वेळ विचारा आणि तेव्हाच या. धक्क्यावर ओरडून बोलावणाऱ्या पहिल्या माणसाचं तिकीट घ्यायची घाई नको.

श्पायखरश्टाट म्हणजे नुसत्या जुन्या वखारी ना? तासाभरात उरकेल?

उरकेल, पण उरकू नका. १८८३ ते १९२७ या काळात लाल विटांची ही वखारींची वसाहत उभी राहिली, लाकडाच्या हजारो खांबांवर, चिखलात. हॅम्बुर्ग जर्मन साम्राज्याच्या जकातीच्या हद्दीत सामील होणार होतं, आणि व्यापाऱ्यांना जकातीशिवाय माल साठवायला जागा हवी होती. त्यासाठी इथली जुनी वस्ती पाडली गेली, सुमारे वीस हजार माणसं हलवली गेली. १८८८ मध्ये मुक्त बंदर सुरू झालं. कॉफी, चहा, कोको, मसाले, तंबाखू, इराणी गालिचे, सगळं इथे उतरत होतं. प्रत्येक वखारीचं एक दार पाण्याकडे आणि एक रस्त्याकडे आहे. वर कौलांखालच्या तुळईला लावलेल्या रहाटाने पोती थेट बोटीतून वरच्या मजल्यावर ओढून घेत. ते रहाट अजून जागेवर दिसतात. मान वर करून चाला.

२०१५ मध्ये या वसाहतीला, शेजारच्या पेढ्यांच्या भागासह, जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पेढ्यांमधलं चिलेहाउस चुकवू नये. चिलीतल्या सोऱ्याच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या हेन्री स्लोमनसाठी वास्तुकार फ्रिट्झ ह्योगर याने ते १९२२ ते १९२४ मध्ये बांधलं. पूर्वेकडच्या टोकाशी उभं राहून वर पाहिलं की विटांचं जहाज अंगावर येतंय असं वाटतं.

दोघांचा एक चांगला फोटो हवा असेल तर पोगनम्युलन पुलावर अंधार पडताना या. दोन कालव्यांच्या मधोमध उभा असलेला छोटा 'जलमहाल' समोर येतो. हायड्रॉलिक यंत्रं सांभाळणारे कारागीर पूर्वी त्यात राहत असत, आता तिथे चहाघर आहे. त्या वेळी तिथे तिपाया लावून उभे असलेले बरेच जण भेटतील, पण पुलाला जागा पुष्कळ आहे.

एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहात मैफलीचं तिकीट नसेल तर जाण्यात अर्थ आहे का?

आहे. चहा-कोको-तंबाखूच्या जुन्या वखारीवर काचेची लाट ठेवावी तशी ही वास्तू आहे. हेर्झोग आणि द म्योरों या स्विस वास्तुकारांची. खर्च आणि वेळ मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेल्यामुळे ती वर्षानुवर्षं वादात होती. अखेर जानेवारी २०१७ मध्ये उघडली आणि शहराने तिला लगेच आपलं म्हटलं. ८२ मीटर लांबीच्या, किंचित वक्र सरकत्या जिन्याने वर जायचं. वरचं टोक खालून दिसत नाही. मग ३७ मीटर उंचीवर सगळ्या इमारतीभोवती फिरणारा सज्जा. तिथे जाण्यासाठी वेळ ठरवलेला प्रवेशपास लागतो. गर्दीच्या दिवशी तो आधीच घ्या.

मैफल मिळत असेल तर मात्र इतर खर्च कमी करून तिकीट घ्या. मंच मधोमध आहे आणि श्रोते चहूबाजूंनी चढत्या सज्जांत बसतात. मागच्या स्वस्त जागेवरूनही वादकाची बोटं दिसतात. पाश्चात्त्य संगीताची ओळख नाही म्हणून मागे हटू नका. आपल्याकडे सवाई गंधर्वला बसणाऱ्या कानांना इथली शांतता आवडेल.

मिनिआटुअर वुंडरलांड मुलांसाठी आहे ना? आम्ही दोघंच आहोत.

दोघंच जा. जगातली ही सर्वांत मोठी छोट्या रेल्वेगाड्यांची मांडणी २००१ मध्ये श्पायखरश्टाटच्या एका वखारीत ब्राउन बंधूंनी सुरू केली. हजाराहून जास्त गाड्या, दर काही मिनिटांनी उतरणारी रात्र, धावपट्टीवरून उडणारी विमानं. हॅम्बुर्ग शहराचाच भाग पाहून मग बाहेर पडलात तर खरं शहर ओळखीचं वाटेल. तीन तास ठेवा, आणि वेळ ऑनलाइन आधीच निश्चित करा. पावसाळी शनिवारी दारात जाऊन तिकीट मिळेल ही आशा धरू नका.

फिशमार्क्टसाठी रविवारी खरंच पहाटे उठावं का?

उठावं. १७०३ पासून हा बाजार रविवारी भरतो. उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू, हिवाळ्यात सातला, आणि साडेनऊला बंद, म्हणजे चर्चच्या वेळेआधी आवराआवर. धुरावलेली वाम, मॅकरेल (आपल्या बांगड्याची भावकी), फळांच्या गच्च भरलेल्या करंड्या, फुलझाडं. विक्रेते गाडीच्या पाठीवर उभे राहून दणदणीत आवाजात माल विकतात. दादर किंवा मालवणच्या मासळी बाजारातून आलेल्या माणसाला इथे लगेच सूर सापडतो. १८९६ च्या लिलावगृहात सकाळी सहा-सातला बँड वाजत असतो. रात्रभर जागलेली तरुण मंडळी आणि ताजे उठलेले आजी-आजोबा एकाच टेबलाशी नाचतात, ते पाहून दोघांनाही आनंद होईल. उन्हाळ्यात सातच्या आत पोहोचा. शरद-हिवाळ्यात वादळी भरती आली की हा चौक पाण्याखाली जातो, त्या दिवशी बातम्या पाहून निघा.

रेपरबान या रात्री जागणाऱ्या रस्त्यावर बायकोबरोबर जाणं योग्य आहे का? सुरक्षित आहे?

मुख्य रस्ता गजबजलेला, प्रकाशित आणि पोलिसांच्या नजरेखालचा आहे. नाट्यगृहं, संगीताचे क्लब, खाण्याची ठिकाणं, सगळं आहे, आणि कितीतरी जोडपी तिथे फिरत असतात. बीटल्सने ऑगस्ट १९६० मध्ये ग्रोसे फ्राइहाइटवरच्या इंद्रा क्लबमध्ये वाजवायला सुरुवात केली. पुढे कितीतरी रात्री तासन् तास वाजवून त्यांचा हात तयार झाला तो याच गल्ल्यांत. संगीताची आवड असेल तर तेवढ्यासाठी जा.

देहविक्रयाचा व्यवसाय इथे कायद्याने चालतो, हे आधी माहीत असलेलं बरं. त्या स्त्रियांचे फोटो काढू नका. हेर्बर्टस्ट्रासे या गल्लीच्या तोंडाशी स्त्रियांनी आणि १८ वर्षांखालच्यांनी आत येऊ नये असा फलक आहे, तो मान्य करून पुढे चला. बाहेर उभं राहून 'आत या, फुकट आहे' म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. शनिवारी मध्यरात्रीनंतर दारूचा जोर वाढतो, दोघं असाल तर अकरापर्यंत परतणं उत्तम.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी तर राहणार नाही ना?

मुळीच नाही. शांझनफिअर्टलमध्ये फलाफल, तुर्की आणि निव्वळ वनस्पतीजन्य पदार्थांची ठिकाणं भरपूर आहेत. पोर्तुगीज वस्तीत दुधाळ कॉफी आणि अंड्याच्या मलईचे छोटे टार्ट मिळतात (अंडं चालत असेल तरच). हॅम्बुर्गची खास ओळख असलेली दालचिनीची चपटी, खमंग पाव-गुंडाळी म्हणजे फ्रान्झब्रोटशेन प्रत्येक बेकरीत सकाळी गरम मिळते. ती खाल्ल्याशिवाय परतू नका. उपाहारगृहात 'ओहने फ्लाइश, ओहने फिश', म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं दोन्ही सांगा. नुसतं मांस नको म्हटलं तर मासा येऊ शकतो.

मासे खाणाऱ्यांसाठी फिशब्रोटशेन, म्हणजे पावात मासा. तळलेला हवा असेल तर बाकफिश मागा. माटजेस हे मुरवलेलं, न शिजवलेलं हेरिंग असतं, काहींना फार आवडतं, काहींना पहिल्या घासाला जमत नाही. दोघांत एक घेऊन पाहा. धक्क्यावर खाताना सीगल हातातला घास उडवून नेतात, छपराखाली उभे राहा.

लाबस्काउस हा खलाशांचा जुना पदार्थ जाहिरातींत सगळीकडे दिसतो. बटाटा, बीट, वर तळलेलं अंडं. पण त्यात खारवलेलं गोमांस कुटून घातलेलं असतं. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी रंग पाहून फसू नये.

दिवसभर पाऊस लागला तर?

मिशेल चर्चपासून सुरुवात करा. १३२ मीटरचा मनोरा, वर जायला लिफ्ट आहे आणि ४५२ पायऱ्याही. योहानेस ब्राह्म्सचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला, सेबास्टियन बाखचा मुलगा कार्ल फिलिप एमान्युएल तळघरात विसावला आहे. मनोऱ्यावरून तुतारीवादक चारही दिशांना एक धून वाजवतो, कामाच्या दिवशी सकाळी दहा आणि रात्री नऊला, रविवारी दुपारी बाराला. नंतर स्टेशनशेजारचं कुन्स्टहाले हे चित्रसंग्रहालय. धुक्याच्या समुद्राकडे पाहत पाठमोऱ्या उभ्या माणसाचं कास्पार डाव्हिड फ्रीडरिशचं चित्र तिथे आहे. सोमवारी ते बंद असतं.

आणि जुना एल्बे बोगदा. १९११ मध्ये गोदी कामगारांसाठी नदीखालून काढलेला, ४२६ मीटर लांब. पायी जायला फुकट. भिंतींवरच्या चकाकत्या टाइल्समध्ये मासे आणि खेकडे कोरलेले आहेत. पलीकडे श्टाइनवेर्डरला वर आलात की शहराचं संपूर्ण चित्र नदीपार उभं असतं. पाऊस थांबलेला असेल तर हीच सर्वांत चांगली जागा.

युद्धाच्या खुणा पाहण्यासारख्या आहेत का, की सहलीत ते टाळावं?

टाळू नये. निकोलाय चर्चचा काळवंडलेला मनोरा शहराच्या मधोमध उभा आहे, बाकी चर्च नाही. १४७ मीटरचा हा मनोरा १८७४ ते १८७६ मध्ये जगातली सर्वांत उंच इमारत होता. जुलै १९४३ मध्ये ब्रिटिश-अमेरिकी बॉम्बहल्ल्यांत आगीचं वादळ उठलं, तीस हजारांहून जास्त माणसं गेली. तळघरातलं प्रदर्शन त्या हल्ल्यांबरोबरच जर्मनीने आधी इतरांच्या शहरांवर काय केलं तेही मांडतं, हा प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो. तास-दीड तास लागतो. त्यानंतर लगेच दुसरं काही ठरवू नका, जवळच्या डाइखस्ट्रासेच्या जुन्या घरांपुढून चालत जा.

भारताशी जोडलेलं काही आहे का?

आहे, आणि बहुतेकांना माहीत नसतं. आल्स्टर तलावाकाठचं १९०९ चं पांढरं हॉटेल अटलांटिक. ११ सप्टेंबर १९४२ रोजी इथे सुभाषचंद्र बोस यांच्या उपस्थितीत जर्मन-भारतीय संस्थेची स्थापना झाली, आणि त्या समारंभात 'जन गण मन' वाद्यवृंदावर राष्ट्रगीत म्हणून वाजवलं गेलं. संविधान सभेने ते राष्ट्रगीत म्हणून स्वीकारलं २४ जानेवारी १९५० ला. फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी आपले सहकारी आबिद हसन यांच्यासह पाणबुडीतून पूर्वेकडे निघाले ते जवळच्याच कील बंदरातून. युद्धकाळातल्या त्या जर्मनीबद्दल आपलं मत काहीही असो, त्या इमारतीसमोर दोन मिनिटं थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही.

दुसरी जागा एस १ च्या शेवटच्या वेडेल स्टेशनजवळ आहे, शुलाउचा धक्का. १९५२ पासून इथे येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवून सलामी देतात. भारताचा झेंडा असलेलं जहाज आलं तर आपलंही.

आई-बाबांना दोघांनाच पाठवायचं आहे. साठी उलटली आहे, गुडघे दुखतात. जमेल?

जमेल, आणि त्यांना हे शहर बर्लिनपेक्षा सोपं जाईल. जमीन सपाट आहे. मिशेल, निकोलाय, एल्बे बोगदा, सगळीकडे लिफ्ट आहे. फेरीबोट ६२ वर तर बसून अर्धं बंदर पाहून होतं. आल्स्टरवरच्या संथ बोटीत बसवा, हंस दिसतील. या हंसांना शहर पिढ्यान् पिढ्या सांभाळतं, हिवाळ्यात त्यांना न गोठणाऱ्या तळ्यात हलवतं. टाळायचं ते ब्लांकेनेझचं पायऱ्यांचं गाव आणि फिशमार्क्टचे ओले दगड. औषधं, विम्याचा कागद आणि हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून खिशात द्या. शौचालयासाठी सुटी नाणीही.

एक संध्याकाळ फक्त आमच्यासाठी ठेवायची तर कुठे?

गुडघे ठीक असतील तर ब्लांकेनेझ. एस १ ने जा, पायऱ्यांच्या वाटांनी टेकडीवरून नदीकडे उतरा. पूर्वीची कोळी आणि नाविकांची घरं, गुलाबांच्या बागा, मधूनच खाली एल्बेचं रुंद पात्र. इथे कुठली ठरावीक वाट नाही, दोघांनी चुकत चुकत उतरावं. खाली किनाऱ्यावर बसून जहाजांचे दिवे पाहा. वर यायला छोटी बस आहे.

उन्हाळ्यात दुसरा पर्याय प्लांटन उन ब्लोमन ही फुकट बाग. रात्री दहाला तळ्यातली कारंजी संगीताच्या तालावर रंगीत प्रकाशात नाचतात. लोक हिरवळीवर चादर टाकून बसलेले असतात.

एक दिवस जास्तीचा आहे. आणखी काय?

ल्युबेक. प्रादेशिक गाडीने पाऊण तास. हान्झा व्यापारी संघाची राणी म्हणवणारं, पाण्याने वेढलेलं जुनं शहर, १९८७ पासून जागतिक वारसा. बदामाचं मार्झिपान तिथून घरी आणा, आपल्या बदाम बर्फीची आठवण येणाऱ्यांना ते आवडतं.

शेवटच्या दिवशी गाडी संध्याकाळी आहे. सामान घेऊन कुठे फिरायचं?

हॉटेलात ठेवायला सांगा, बहुतेक ठिकाणी ठेवतात. नाहीतर मुख्य स्टेशनवर लॉकर आहेत, पण शनिवार-रविवारी दुपारपर्यंत भरतात. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या डामटोर स्टेशनवरही थांबतात. ते मुख्य स्टेशनपेक्षा लहान आणि शांत आहे, आणि दाराबाहेर रस्ता ओलांडला की बाग सुरू होते. तुमची गाडी तिथे थांबत असेल तर दोन तास त्या बागेतल्या जपानी चहाघराजवळ बसा आणि गाडीच्या वीस मिनिटं आधी उठा.